महाविद्यालयाचे नाव आणि घरचा हिशेब
(तेलगाव, ता. धारूर, जि. बीड येथे शेतकरी-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारावीचा निकाल आणि मृगाची पेरणी या दोन गोष्टी दरवर्षी जवळपास एकाच सुमारास येतात. घरात बियाणे-खतांची जुळवाजुळव चाललेली असते आणि त्याच वेळी मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांची माहितीपत्रके हातात घेऊन समोर उभी राहते. दोन्हींसाठी पैसा लागतो आणि दोन्हींना उशीर चालत नाही. पेरणी करताना आपण जमीन पाहतो, ओल पाहतो, बाजारभावाचा अंदाज घेतो, चार जाणत्यांना विचारतो. प्रवेशाचा निर्णय मात्र पुष्कळदा एखादा मोठा फलक पाहून किंवा अमक्याचा मुलगा तिथे आहे एवढ्यावरून घेतला जातो. पेरणी चुकली तर एक हंगाम जातो. प्रवेश चुकला तर मुलाची चार वर्षे जातात आणि त्यासाठी जमीन गहाण पडली असेल तर घराचा आधारही जातो.

म्हणून आज पिकांऐवजी या विषयावर बोलावे असे ठरविले आहे. महाविद्यालयाच्या नावाला किती किंमत द्यावी, खर्च कसा मोजावा आणि गुणवत्तेवर मिळणारी शिष्यवृत्ती कशी पारखावी, असे तीन भाग आपण पाहू. मी कृषिविद्या विषय शिकवीत असल्यामुळे उदाहरणे कृषी पदवीची देईन. परंतु हिशेबाची पद्धत अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा परिचर्या यांनाही तशीच लागू पडते.

नाव आणि जाहिरात

आपण बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरचे चित्र पाहून पैसे देत नाही. पिशवीला लावलेली खूणचिठ्ठी पाहतो. निळी चिठ्ठी असेल तर ते प्रमाणित बियाणे, पांढरी असेल तर पायाभूत. चिठ्ठीवरची उगवणक्षमता आणि मुदत वाचतो. महाविद्यालयाचेही तसेच आहे. इमारत, प्रवेशद्वार, बस आणि वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात हे पिशवीवरचे चित्र झाले. चिठ्ठी निराळी असते आणि ती मागून घ्यावी लागते.

आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. परभणीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि २०१३ साली त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. परभणीचे कृषी महाविद्यालय मात्र विद्यापीठाच्याही आधीचे, १९५६ सालचे आहे. लातूरचे कृषी महाविद्यालय १९८७ साली निघाले. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे विद्यापीठाचे स्वतःचे कृषी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांना घटक महाविद्यालये म्हणतात. याशिवाय अनेक खासगी महाविद्यालये याच विद्यापीठांशी संलग्न आहेत.

घटक असो की संलग्न, चार वर्षांनंतर मिळणाऱ्या पदवी प्रमाणपत्रावर नाव असते ते कृषी विद्यापीठाचे. अभ्यासक्रमाचा पायाही सर्वत्र एकच असतो, कारण तो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींवर आधारलेला असतो. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी जे विद्यार्थी आपल्या गावात येऊन राहतात, तो कार्यक्रमही याच अभ्यासक्रमाचा भाग आहे. मग फरक कुठे पडतो? शिक्षक, प्रयोगशाळा, प्रक्षेत्र, ग्रंथालय आणि सोबतचे विद्यार्थी यांत पडतो. खऱ्या अर्थाने नाव म्हणायचे ते या पाच गोष्टींचे.

कृषी शिक्षणात एक गोष्ट पालकांच्या ध्यानात लवकर येत नाही. ज्यांना जुना लौकिक आहे, ती पुणे, नागपूर, परभणी यांसारखी सरकारी कृषी महाविद्यालये शुल्काच्या दृष्टीने खासगी संस्थांपेक्षा स्वस्त आहेत. तेथे प्रवेश पैशाने मिळत नाही, गुणांनी मिळतो. उलट सर्वांत जास्त शुल्क घेणाऱ्या संस्था पुष्कळदा अलीकडच्या असतात आणि त्यांचे नाव जाहिरातीने झालेले असते. म्हणून शुल्क जास्त त्या अर्थी शिक्षण चांगले असलेच पाहिजे, हे गणित येथे चालत नाही. आपल्या शेतात भाव खाणारे बियाणे आणि उतारा देणारे बियाणे नेहमी एकच असते काय? बीडीएन-७११ ही तुरीची जात बदनापूरची आणि एनएचएच-४४ हा कापसाचा संकरित वाण नांदेडचा. ही मोठ्या शहरांची नावे नव्हेत. शेतकऱ्यांनी त्यांना स्वीकारले ते उतारा पाहून.

चारही वर्षांचा खर्च धरा

दुसरा भाग खर्चाचा. ऊस लावताना आपण लागण आणि खोडवा असा मिळून विचार करतो. नुसत्या लागणीच्या उताऱ्यावर पुढच्या खोडव्यांचा अंदाज बांधणारा शेतकरी फसतो. महाविद्यालयाचे पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून प्रवेश घेणारे पालकही तसेच फसतात. कृषी पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची आहे. हिशेब आठही सत्रांचा झाला पाहिजे. त्यात पुढील बाबी धराव्यात :

१) शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा व इतर शुल्के.
२) वसतिगृह किंवा खोलीचे भाडे आणि अनामत रक्कम.
३) खानावळ. हा खर्च दरवर्षी वाढतो.
४) पुस्तके, वह्या, प्रात्यक्षिकाचे साहित्य, संगणक.
५) जाण्या-येण्याचे भाडे. सणासुदीला, आजारपणात आणि पेरणी-काढणीच्या मदतीला मूल किती वेळा घरी येणार, याचाही विचार करावा.
६) कर्ज काढणार असाल तर त्याचे व्याज.

आता एक उदाहरण घेऊ. हे आकडे कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. आपण आपले खरे आकडे घालून पाहावेत.

समजा, 'अ' ही मोठ्या शहरातील जाहिरात असलेली खासगी संस्था आहे. सर्व शुल्के मिळून वर्षाला १,५०,००० रुपये, राहणे-जेवण १,२०,००० रुपये आणि इतर खर्च ३०,००० रुपये. एका वर्षाचे ३,००,००० आणि चार वर्षांचे १२,००,००० रुपये झाले. संस्था म्हणते, आपल्या मुलाला चांगले गुण आहेत म्हणून निम्मे शुल्क माफ. ही माफी चारही वर्षे टिकली तर ३,००,००० रुपये वाचतील आणि खर्च ९,००,००० रुपये राहील. ती पहिल्या वर्षानंतर बंद झाली तर केवळ ७५,००० रुपये वाचतील आणि खर्च ११,२५,००० रुपयांवर जाईल.

समजा, 'ब' हे जवळच्या जिल्ह्यातील विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे. शुल्क वर्षाला ६०,००० रुपये, राहणे-जेवण ७०,००० रुपये आणि इतर खर्च २०,००० रुपये. वर्षाचे १,५०,००० आणि चार वर्षांचे ६,००,००० रुपये. शुल्कापैकी ४०,००० रुपये शिक्षण शुल्क आहे आणि त्याच्या निम्म्याची प्रतिपूर्ती शासनाकडून मिळते असे धरू. चार वर्षांत ८०,००० रुपये कमी होऊन खर्च ५,२०,००० रुपये राहतो.

दोहोंतील फरक 'अ' ची माफी टिकली तर ३,८०,००० रुपयांचा आणि न टिकल्यास ६,०५,००० रुपयांचा. या फरकाच्या बदल्यात 'अ' कडून 'ब' पेक्षा नेमके काय जास्त मिळणार आहे, असा प्रश्न विचारावा. उत्तर ठोस मिळाले तर खर्च करण्यास हरकत नाही. 'तिथले नाव मोठे आहे' हे ठोस उत्तर नव्हे.

हा सहा लाखांचा फरक कर्जाने भरला, व्याज दसादशे १० धरले आणि नोकरी लागल्यावर सात वर्षांत फेडायचा ठरविला, तर हप्ता दरमहा सुमारे १०,००० रुपये येतो. शिकत असतानाचे व्याज यात धरलेलेच नाही. आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबे दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यांना जातात. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत हंगाम आपला राहत नाही, हे त्यांना सांगायला नको. मोठे शैक्षणिक कर्ज हीदेखील मुलाच्या पहिल्या नोकरीवर घेतलेली उचलच आहे. ती फेडण्यासाठी मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि स्पर्धा परीक्षेची तयारी, पदव्युत्तर शिक्षण किंवा स्वतःच्या शेतावर नवा उद्योग ही तिन्ही दारे काही वर्षे बंद होतात.

कर्ज वाईटच असे माझे म्हणणे नाही. सावकाराकडून किंवा जमीन लिहून देऊन पैसा उभा करण्यापेक्षा बँकेचे शैक्षणिक कर्ज केव्हाही बरे. शिक्षण पूर्ण होईपर्यंत आणि साधारणपणे त्यानंतरचे एक वर्ष त्याचा हप्ता सुरू होत नाही. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्जाची सोय आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल आणि दुसऱ्या व्याज सवलतीचा किंवा शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ घेत नसाल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत ठेवली आहे. आपण निवडलेली संस्था त्या यादीत आहे किंवा नाही, हे प्रवेशापूर्वी बँकेत विचारावे. यादीत नाव असणे हीदेखील एक प्रकारची खूणचिठ्ठीच आहे.

शासनाच्या सवलती आणि त्यांची अट

तिसरा भाग शिष्यवृत्तीचा. येथे दोन प्रकार वेगळे करावेत. एक शासनाच्या शुल्क प्रतिपूर्ती व शिष्यवृत्ती योजना आणि दुसरा संस्थेने गुणांवर दिलेली सवलत.

शासनाच्या योजनांपैकी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांच्या मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ मिळतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २.५ लाख रुपयांच्या उत्पन्न मर्यादेत भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि त्यापुढील उत्पन्नासाठी शिक्षण शुल्क माफीची योजना आहे. इतर प्रवर्गांसाठी त्या त्या विभागाचे नियम आहेत.

मुलींच्या पालकांनी पुढील बाब विशेष लक्षात घ्यावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, २०२४-२५ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ देण्याचे ठरले. कृषी अभ्यासक्रमही त्यात येतात. आपल्या 'ब' महाविद्यालयाच्या उदाहरणात मुलगी असेल तर शिक्षण शुल्काचेच चार वर्षांत १,६०,००० रुपये वाचतात आणि खर्च ४,४०,००० रुपयांवर येतो. 'मुलाला शिकवतो, मुलीचे पुढे पाहू' असे म्हणण्यास पूर्वी शुल्काचे कारण पुढे केले जाई. ते कारण आता उरलेले नाही. बारावीनंतर एका वर्षात लग्न उरकण्यासाठी जो खर्च आपण करतो, त्याच्याशी हा आकडा एकदा ताडून पाहावा.

मात्र या सवलतीला एक महत्त्वाची अट आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशास ती मिळत नाही. शेवटच्या दिवशी घाई करून 'जागा पक्की करून देतो' म्हणणाऱ्यांकडून प्रवेश घेतला तर चार वर्षांची सवलत एका सहीत जाते. देणगी मागणे तर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. देणगी देऊन मिळालेली जागा ही गुणवत्तेची जागा नव्हे आणि तिची पावतीही मिळत नाही.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीही योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. या सर्वांच्या रकमा व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय पाहूनच हिशेब धरावा. प्रतिपूर्तीची रक्कम नेहमी वेळेवर जमा होते असेही नाही. पहिल्या सत्राचा खर्च हाताशी ठेवूनच घराबाहेर पडावे.

संस्थेची शिष्यवृत्ती वाचताना

संस्थेने गुणांवर दिलेली शिष्यवृत्ती ही मुलाच्या कष्टाची पावती आहे आणि तिचा आनंद मानावा. पण तिच्या अटी वाचाव्यात. ती किती वर्षांची आहे? चालू राहण्यासाठी दर सत्राला किती सरासरी गुणांक लागतो? एक विषय राहिला तर ती कायमची बंद होते की पुढच्या सत्रात पुन्हा सुरू होते? माफी फक्त शिक्षण शुल्काला आहे की सर्व शुल्कांना? संस्था मध्येच सोडली तर माफ केलेली रक्कम परत मागितली जाते काय? बारावीत वर्गात पहिला येणारा विद्यार्थी नव्या ठिकाणी, इंग्रजी माध्यमात, पहिल्या सत्रात थोडा मागे पडणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे येणाऱ्या खेड्यातील हुशार मुलांना सावरण्यास एक-दोन सत्रे लागतात, हे आम्ही शिक्षक नेहमी पाहतो. नेमक्या त्याच वेळी शिष्यवृत्ती काढून घेणारी अट असेल, तर ती सवलत कागदावरच राहते.

शिष्यवृत्तीची मुदत आणि अट किती निर्णायक ठरते, याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. कोलंबियानंतर ते १९१६ साली लंडनला गेले. तेथील शिक्षण अपुरे असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोद्याला नोकरीत रुजू झाल्यावर अस्पृश्यतेच्या छळामुळे तेथे राहणे अशक्य झाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज त्यात घालून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि तेथील पदव्या पूर्ण केल्या. शिष्यवृत्तीने एवढ्या मोठ्या माणसाला जगातील नामांकित विद्यापीठाचे दार उघडून दिले, हे खरे. तिची मुदत संपताच त्यांनाही शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले, हेही तितकेच खरे. म्हणून आपल्या मुलाच्या शिष्यवृत्तीची मुदत अभ्यासक्रमाच्या मुदतीइतकी आहे ना, हे आधी पाहावे.

मोठे नाव केव्हा घ्यावे

आतापर्यंतच्या बोलण्यावरून 'जवळचे आणि स्वस्त तेच चांगले' असा अर्थ कृपया काढू नये. ज्या महाविद्यालयात शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, प्रक्षेत्र नावालाच आहे आणि प्रात्यक्षिके वहीत उतरवून घेतली जातात, ते फुकट मिळाले तरी महाग आहे. तेथे पैसा वाचतो आणि मूल चार वर्षे वाया घालवते.

मोठ्या नावाच्या संस्थेत जाण्याचा एक चांगला मार्ग गुणवत्तेचा आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद देशभरातील कृषी विद्यापीठांतील ठराविक जागा अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून भरते. पदवीसाठी ही निवड २०२३ पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होते. १९६० साली स्थापन झालेले देशातील पहिले कृषी विद्यापीठ पंतनगरचे. तेथे किंवा लुधियाना, कोइमतूर येथील विद्यापीठांत आपले मूल या मार्गाने जाऊ शकते. आपल्या राज्याबाहेर प्रवेश घेणाऱ्यांसाठी परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. पदवीसाठी तिची रक्कम दरमहा २,००० रुपये ठरविण्यात आली होती. अशी जागा मिळाली तर अंतराची भीती बाळगू नये. येथे नाव, शिक्षण आणि शिष्यवृत्ती तिन्ही एकत्र येतात.

पदवीनंतरच्या वाटांचाही विचार करावा. महाराष्ट्र कृषी सेवा परीक्षेसाठी किंवा बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी पात्रता म्हणून पदवी पाहिली जाते. तेथे महाविद्यालयाच्या इमारतीला गुण नसतात. पदव्युत्तर प्रवेशही परीक्षेतूनच होतो. साधारण महाविद्यालयातून चांगले गुण व प्रवेश परीक्षेतील यश घेऊन निघालेला विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी नामांकित विद्यापीठात जाऊ शकतो. पदवीच्या वेळी वाचविलेला पैसा त्या वेळी उपयोगी पडतो. ज्याला आपल्याच शेतावर परतून रोपवाटिका, दुग्धव्यवसाय किंवा कृषी सेवा केंद्र काढायचे आहे, त्याला तर प्रमाणपत्रावरील नावापेक्षा हाती उरलेले भांडवल अधिक मोलाचे आहे.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

महाविद्यालय पाहण्यास स्वतः जावे, मुलाला आणि त्याच्या आईलाही सोबत न्यावे आणि पुढील प्रश्न विचारावेत :

१) पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार?
२) भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे काय आणि तिची मुदत केव्हापर्यंत आहे? परिषदेच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या व शिष्यवृत्तीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.
३) ही जागा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील आहे काय?
४) पूर्णवेळ शिक्षक किती? कृषिविद्या, मृदाशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, कीटकशास्त्र या प्रत्येक विषयास स्वतंत्र शिक्षक आहे काय?
५) प्रक्षेत्र किती एकर, पाणी कोठून आणि आज तेथे कोणती पिके उभी आहेत? हे कार्यालयात न विचारता शेतात जाऊन पाहावे. पिकाकडे पाहून महाविद्यालय ओळखणे आपल्याला अवघड नाही.
६) मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत? हे तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे.
७) चारही वर्षांचे शुल्क आणि शिष्यवृत्तीच्या अटी लेखी मिळतील काय?

मूळ कागदपत्रे कोठेही कायमची ठेवून घेऊ देऊ नयेत. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

आता करावयाची कामे

शिष्यवृत्ती गुणांनी मिळते आणि कागदांनी हातची जाते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तेथे जात प्रमाणपत्र व जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ही कामे मूल अकरावी-बारावीत असतानाच सुरू करावीत. निकालानंतर सर्वच तहसीलकडे धावतात. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडून घ्यावे. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी केला म्हणजे झाले, असे समजू नये. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने दर जून-जुलैत चार घरांचे अर्ज भरून दिले, तर ती मोठी ग्रामसेवा होईल.

शेवटी एकच विनंती. घरात बसून एका कागदावर दोन-तीन महाविद्यालयांची नावे लिहा. प्रत्येकासमोर चार वर्षांचा एकूण खर्च लिहा, खात्रीने मिळणारी सवलत त्यातून वजा करा आणि बाकी येणारी रक्कम कोठून उभी राहील तेही लिहा. ज्या नावासमोर 'शेत विकून' असे लिहावे लागेल, त्या नावाने त्या शेताएवढे काय दिले पाहिजे, हे मुलाला मोकळेपणाने विचारा. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हिशेब दाखवा. सतरा-अठरा वर्षांची आपली मुले समजूतदार असतात. घरचा आकडा त्यांना खरा सांगितला, तर तीही खरे उत्तर देतात. मग जो निर्णय होईल तो सर्वांचा असेल आणि चार वर्षांत एखादे सत्र जड गेले, तरी मूल एकटे पडणार नाही.

 शंका असतील तर विचाराव्यात.